मायाच्या नावावर माझी हजेरी

अंबरनाथ,
२४ नोव्हेंबर २००८

चिरंजीव राजरत्नराव यांस अंबरनाथहून सुदामचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास विशेष कारण असं काही नाही. बरेच दिवसांत आपलं सविस्तर बोलणं झालं नाही, आणि फोनवर आपण दोघंही ‘हॅलो’च्या पुढे अडकतो, म्हणून म्हटलं लिहावं. आपली तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. नाशिकला एव्हाना थंडी पडली असेल. सकाळी मोटरसायकलवर निघताना छातीवर काही तरी गुंडाळत जा, असा मायाच्या आईचा निरोप आहे. (हा निरोप रखमा मला रोज सकाळी देते, जणू मोटरसायकल मीच चालवतो.) आपल्या आई-वडिलांना आमचा जयभीम सांगावा. वडिलांच्या गुडघ्याला उतार पडला का तेही कळवावं. इकडची खबर म्हणाल तर जांभूळ गावाकडून येणाऱ्या पाण्याच्या लाइनचं काही काम निघालं आहे, त्यामुळे नळ दिवसाआड. वीज तिच्या मनाला येईल तेव्हा. मी घरी बसून दोघांची वाट बघतो. रिटायर माणसाला एवढं काम पुरेल असं मला वाटलं होतं, पण पुरलं नाही. म्हणून मी एम.ए. करायला घेतलं.

घाबरू नका. माझी शाळा नववीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे. एम.ए. मायाचंच. ते इंटरनेटवरून शिकवतात तेच शिक्षणशास्त्राचं एम.ए., ज्याच्यासाठी तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवलात आणि तिच्या सातव्या महिन्यात टेम्पोत घालून इकडे आणलात, की बाळंतपणाला माहेरी गेली तरी अभ्यास बुडायला नको. तुम्ही टेबल लावलं, वायरी ओढल्या, केबलवाल्याकडून नेट घेतलं, आणि मला उभं करून सगळं समजावलं. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. आता तुम्हाला सांगतो, त्यातलं मला अक्षर कळलं नव्हतं. पण जावई समजावून सांगत असताना सासऱ्याने ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं म्हणजे कसं दिसतं?

त्यानंतर जे झालं ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही होतात. तुम्ही नाशिकला परत गेलात आणि रखमाने कॉम्प्युटरवर स्वतःचं जुनं लुगडं टाकलं, घरातल्या पाहुण्याला पांघरूण घालावं तसं. माया आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. तुमचा फोन आला की उठायची, ‘जेवलात का? मी जेवले’ म्हणायची आणि परत आडवी. (तुमच्या बाजूलाही एवढंच बोलणं होत असणार. मी ऐकत नाही, पण घर लहान आहे.)

मग ऑक्टोबरात विद्यापीठाच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. तो मी घेतला. मायाची हजेरी फार कमी झाली आहे, अजून घसरली तर नाव काढून टाकतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मी आत जाऊन मायाला सांगितलं. ती म्हणाली, “काढू दे.” राजरत्नराव, ही मुलगी चौथीत असताना कांजिण्या आल्या म्हणून शाळेत जाऊ दिलं नाही, तर दारात बसून रडली होती. तिच्या तोंडून ते ‘काढू दे’ ऐकलं आणि मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. मी परत फोनपाशी गेलो. बाई अजून होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, “मॅडम, वर्गात कोण बसलंय ते तुम्हाला दिसतं का?” त्या म्हणाल्या, “चेहरा नाही दिसत काका, नाव दिसतं.”

फॅक्टरीत दुसऱ्याचं कार्ड पंच करणारे लोक मी पाहिले. मी स्वतः कधी केलं नाही, केलेलं खपवूनही घेतलं नाही. ते काम मी रिटायर झाल्यावर केलं, आणि ते पोटच्या मुलीसाठी केलं.

पहिल्या शनिवारी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला (दिसत नाही हे माहीत असूनही) आणि लुगडं काढून कॉम्प्युटर चालू केला. तो चालू झाला हेच मोठं. पुढे त्याने पासवर्ड मागितला. मी आत विचारायला गेलो. माया भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, “त्यांचं नाव.”

“कोणाचं?”

“त्यांचं, आबा.”

आता तुम्हीच सांगा, जावयाचं नाव नुसतं ‘राजरत्न’ असं सासऱ्याने कसं लिहायचं? मी एकेक अक्षर शोधून ‘राजरत्नराव’ असं इंग्रजीत टाइप केलं. तर अक्षरं काही उमटेनात, नुसते काळे ठिपके उमटायला लागले. मला वाटलं कॉम्प्युटरलाच तुमचं नाव मंजूर नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा ठिपके, आणि मग लाल अक्षरांत काही तरी ओरडणं. पाच-सहा वेळा असं झालं. मी प्रत्येक वेळी नाव मोठ्याने म्हणत टाइप करत होतो, त्यामुळे शेजारच्या भिमाबाईंना वाटलं तुम्ही आला आहात, आणि त्या चहाला दूध आहे का विचारायला आल्या. शेवटी आतून आवाज आला, “राव नको, आबा.” त्या आठवड्यात न विचारता तिने बोललेले ते पहिले शब्द. ‘राव’ काढला आणि दार उघडलं. त्यानंतर दर शनिवारी-रविवारी मी तुमचा असा अपमान करतो आहे, त्याबद्दल राग मानू नये.

वर्ग म्हणजे एक खिडकी. डावीकडे सगळ्यांची नावं, मधे पाटी, खाली लिहायची जागा, आणि शिकवणाऱ्या अंजनी मॅडमचा आवाज भोंग्यातून. सगळे मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. मी एका बोटाने ‘जयभीम’ लिहून पाठवेपर्यंत मॅडमचा अर्धा धडा होऊन जायचा, आणि माझा जयभीम भलत्याच वाक्याला लागायचा. मॅडमनी विचारलं, मुलाला शिक्षा करावी का? खाली मायाच्या नावाने उत्तर आलं, जयभीम. खिडकीत एका कोपऱ्यात हाताच्या पंजाचं चित्र होतं. मला वाटलं निरोप घेताना दाबायचं असेल. मी दाबलं. लगेच मॅडम म्हणाल्या, “हं माया, बोला, काय शंका आहे?” मी घाबरून पुन्हा दाबलं. पंजा गेला. मला वाटलं गेला की नाही कोण जाणे, म्हणून अजून एकदा दाबलं. असं माझं त्या पंजाशी बराच वेळ चाललं होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “माया, तुम्हाला बरं नाहीये का?” त्यावर मी ‘बरी आहे’ लिहिलं. तर त्या म्हणाल्या, “बरं बरं, पण ओरडू नका.” मी तर तोंड मिटून बसलो होतो! नंतर कळलं की मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलं होतं, आणि इंटरनेटवर मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं. महिनाभर माझी मुलगी त्या वर्गात सगळ्यांवर ओरडत होती.

तुम्ही कॉम्प्युटरखाली तो एक डबा ठेवला आहे, वीज गेल्यावर चालणारा. वीज गेली की तो टीं टीं असा वाजत राहतो. तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्याही आलं नव्हतं. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा माया आतून उठून सरळ बाहेर गेली, चपला न घालता, आणि नळाच्या ओट्यापाशी कानांवर हात ठेवून उभी राहिली. रखमा तिच्या मागे धावली. मला नंतर कळलं. हॉस्पिटलात त्या काचेच्या पेटीपाशी जे मशीन होतं ते असंच वाजायचं. त्या डब्याचं तोंड कसं बंद करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्याला दोन गोधड्यांत बांधून वर उशी ठेवली. आवाज बंद झाला. थोड्या वेळाने जळका वास सुटला आणि रखमा म्हणाली, “अहो, आता काय घर पेटवता का?” तेव्हापासून वीज गेली की मी वायरच उपटतो. वर्ग बुडाला तर बुडाला.

पुढे मॅडमनी जाहीर केलं की पुढच्या वेळेपासून प्रत्येकाने माइक लावून बोलायचं. आली का पंचाईत? मायाच्या नावाने माझा आवाज गेला असता तर विद्यापीठाने पोलीसच पाठवले असते. मी रात्रभर विचार करून एक मार्ग काढला, माइक घ्यायचा, पण बिघडलेला. म्हणजे माइक आहे, पण चालत नाही, असं खरं सांगता येईल. (खोटं बोलायला मला आवडत नाही हे तुम्ही जाणता.) उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात गेलो. तिथे एका सिंधी म्हाताऱ्याचं दुकान आहे, वायरी, बॅटऱ्या, कानाला लावायच्या सगळ्या वस्तू. मी म्हटलं, “शेठ, एक माइकवाला हेडफोन दाखवा, ज्याचा माइक चालत नाही असा.” त्यांना वाटलं मला हिंदी येत नाही. त्यांनी चांगला काढून दिला. मी म्हटलं, “ये नहीं, खराबवाला.” त्यांनी चष्मा वर केला. “साईं, तीस साल से बैठा हूँ. खराब माल का कंप्लेन लेके सब आते हैं, खराब माल माँगने तू पहला आया.” मी बरीच विनवणी केली. त्यांना राग आला. म्हणाले, “मेरे दुकान में खराब नहीं मिलेगा, जाओ सामनेवाले के पास.” सामनेवाल्यानेही हेच सांगितलं, फक्त बोट उलट्या दिशेला दाखवून. मी रिकाम्या हाताने परत आलो आणि रविवारी वर्गात मोठ्या अक्षरांत लिहिलं, GHASA BASLA. घसा बसल्याचं ओरडून सांगणारी वर्गातली पहिली विद्यार्थिनी आपली माया.

एक गोष्ट मात्र मी पाहत होतो. मॅडमचा आवाज भोंग्यातून आत जात होता. एकदा त्यांनी काही विचारलं आणि मी भलतंच उत्तर लिहिलं, ते त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. तेव्हा आतल्या खोलीत खाट करकरली आणि बारीक आवाजात कोणी तरी बरोबर उत्तर दिलं. भिंतीला दिलं, मला नाही. मी भोंग्याचं बटण होतं तेवढं पुढे सरकवलं आणि त्यानंतर जास्तीत जास्त चुकीची उत्तरं लिहायला लागलो. (त्यासाठी मला फार प्रयत्न करावे लागले नाहीत.)

आता त्या रविवारचं सांगतो.

विषय होता बालविकास. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका लहान मुलाचं निरीक्षण करून लिहायचं होतं. मॅडम म्हणाल्या, कोणाचं कुठपर्यंत आलं ते आज सांगा. मला काय ठाऊक, मायाने जूनमध्येच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ती स्वतःच्या बाळाचं निरीक्षण करणार आहे, जन्मल्या दिवसापासून. लोक विसरले नव्हते. आधी खरवईच्या वैष्णवीने लिहिलं. ही मायाच्याच वर्गातली, एकदा आपल्याकडे पुस्तक न्यायला आली होती, दोन वेण्या घालते ती. तिने लिहिलं, माया, बाळ कसं आहे? सांगितलंच नाहीस. मुलगा की मुलगी?

मी हात मागे घेतला. पण बाकीचेही विचारायला लागले. खाली ओळींवर ओळी येत होत्या. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहायला बोट पुढे जाईना. मी ‘मुलगी’ एवढंच लिहिलं. ते तर खरंच आहे ना? त्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. दोन टिंबं आणि अर्धा कंस असं काही तरी प्रत्येकाने पाठवलं. मला वाटलं घाईत कंस पुरा करायला विसरले, नंतर कळलं की ते हसरं तोंड असतं, आडवं. वैष्णवीने विचारलं, दिसते कशी? मी लिहिलं, सावळी, केस भरपूर. तेही खरं. कोणी विचारलं, बोटं कशी आहेत, लांब की आखूड? मी लिहिलं, लांब, आणि मूठ फार घट्ट मिटते. राजरत्नराव, मला थांबता येईना. मी एका बोटाने, चष्मा नाकावर घसरलेला, भराभर लिहीत होतो. कपाळावर एक खूण होती तीही लिहिली. एक कान जरा दुमडलेला होता तोही लिहिला. तिला आम्ही काचेतून पाहिलं, तुम्ही हातात घेतलंत, आणि मग ती गेली. तेव्हापासून या घरात, या गल्लीत, एकाही माणसाने मला तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं. लोक मायाची चौकशी करतात, रखमाची करतात. आजोबाला कोण विचारणार? आणि इथे एवढी अनोळखी माणसं मला विचारत होती, ती कशी होती. मी सांगत सुटलो.

माझ्या मागे माया उभी होती. कधीपासून ते मला माहीत नाही.

“आबा, उठा.”

मी उठलो. मला वाटलं ती कॉम्प्युटर बंद करणार. ती खुर्चीवर बसली, आणि तिने सगळं वरपासून वाचलं, माझ्या चुकांसकट. तेवढ्यात नवीन ओळ आली. वैष्णवीचीच. नाव काय ठेवलं?

मायाने दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि मला वर्षभर लागलं असतं ते घटकेत लिहिलं. मला वाचता आलं ते असं, ‘आत्तापर्यंत माझे वडील लिहीत होते. त्यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. ती आता नाही. नाव ठेवायचं राहिलं, तिच्या बाबांच्या मनात एक होतं.’

त्यानंतर पडद्यावर काहीच आलं नाही. भोंग्यातूनही नाही. मला वाटलं नेट गेलं. मग अंजनी मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. “माया, मी वर्ग चालू ठेवते आहे. थांबायचं असेल तर थांबा, जायचं असेल तर जा. बाकी कोणी आत्ता काही लिहू नका.” आणि त्या खरोखरच पुढचा धडा शिकवायला लागल्या. माया वर्ग संपेपर्यंत बसली. डावीकडचं एकही नाव कमी झालं नाही. वर्ग संपला तेव्हा तिने कॉम्प्युटर नीट बंद केला (मी वायर ओढून बंद करायचो) आणि आईच्या गळ्यात पडून रडली. हॉस्पिटलातून आल्यापासून ती रडली नव्हती. तुम्हाला ते ठाऊक नसेल. ती फोनवर रडत नाही म्हणजे तिला काही वाटत नाही, असं तुम्हाला वाटलं असेल, तर त्यात तुमची चूक नाही. आम्ही घरात असूनही आम्हाला तेच वाटत होतं. मी विजेचा मीटर बघायला बाहेर गेलो. मीटर चांगला चालू होता. मी बराच वेळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना फोन करून माझं सगळं कारस्थान सांगितलं. मॅडमनी मला फोनवर बोलावलं. म्हणाल्या, “काका, हे चुकीचं आहे. तुमची सगळी हजेरी मला काढून टाकावी लागेल.” मी म्हटलं, काढा. मग म्हणाल्या, “बरं झालं खुलासा झाला. एवढी हुशार मुलगी अशी उत्तरं का लिहायला लागली, मला झोप येत नव्हती.” आणि शेवटी हेही सांगितलं की खरं कारण कळवून डॉक्टरांचा दाखला जोडला असता तर पहिल्याच दिवशी सवलत मिळाली असती, कोणालाही माझ्यासारखं बसावं लागलं नसतं. तो दाखला आता दिला आहे. म्हणजे माझी ती दाढी, तो शर्ट, ती उल्हासनगरची चक्कर, सगळं फुकट. मला याचं फार वाईट वाटलं असं मात्र नाही.

सगळं एकदम सुरळीत झालं असं समजू नका. या शनिवारी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती आणि वर्ग बुडाला. वैष्णवी खरवईहून रिक्षाने आली, अर्धा दिवस तिच्याजवळ बसली. रविवारी माया स्वतः उठून बसली. बाळाच्या निरीक्षणाऐवजी मॅडमनी दुसरा विषय घ्यायला परवानगी दिली, आणि तिने घेतला आहे प्रौढ शिक्षण. प्रौढ म्हणजे मी. मी कॉम्प्युटर कसा शिकतो हे ती शेजारी बसून टिपून घेते. मी चोरून वाचलं. ‘विद्यार्थी हट्टी आहे. चूक झाली की यंत्राला दोष देतो. कौतुक केल्यास काम बिघडवतो.’ मी तक्रार केली, तर म्हणाली, “आबा, निरीक्षणात विद्यार्थ्याने बोलायचं नसतं.” हसली असं मी म्हणणार नाही. तोंडाचा एक कोपरा हलला, तो मी पाहिला.

असो. पत्र लांबलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं तरी एवढं झालं. रखमाचा जयभीम. शरीराला जपावं, वेळेवर जेवावं, हॉटेलचं तेलकट टाळावं. घरी सर्वांना यथायोग्य.

आपला,
सुदाम

ता. क. मायाच्या मोबाइलवर तुमचा संदेश आला, की येत्या रविवारी दुकानातला शंकर टेम्पो घेऊन कल्याणला येणार आहे, त्याच्याबरोबर कॉम्प्युटर पाठवून द्या. तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, “देऊन टाका.” आणि कपडे वाळत घालायला गेली. मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, वस्तू तुमची. पण कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसभर काम करणाऱ्या माणसाला आणखी एक कॉम्प्युटर कशाला हवा, हे मला नववीपर्यंतच्या शिक्षणात समजेना. तुम्ही काय परत मागताय ते तुम्हालाही नीट ठाऊक नसावं, असं मला वाटतं. चुकत असेन तर माफी असावी.

ता. क. दुसरा. तुमच्या मनात जे नाव होतं ते मायाला अजून माहीत नाही. ती तुम्हाला विचारणार नाही, आणि तुम्ही आपण होऊन सांगणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना जपताय असं तुम्हाला वाटतं. लांबून बघणाऱ्याला ते तसं दिसत नाही. हे पत्र मी लिहिलं हे तिला सांगितलेलं नाही. रखमालाही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. तिसरा, आणि वर ‘विशेष कारण नाही’ लिहिलं ते खोडून वाचावं. शंकरला पाठवू नका. तो चांगला माणूस असेल, पण तो येऊन वायरी काढेल आणि निघून जाईल. कॉम्प्युटर न्यायचाच असेल तर स्वतः या. रविवारी मी आणि रखमा सकाळीच चामटोलीला गंगूआक्काकडे जाणार आहोत, अंधार पडेपर्यंत परतणार नाही. दार मायाच उघडेल.